दोन टिंबं कमी

"ही ओळ रिकामी नाही," ते म्हणाले. "हिच्यात दोन स्पेस आहेत."

मला ओळ रिकामीच दिसत होती. त्यांनी कर्सर त्या ओळीवर नेला, एक कळ दाबली, आणि कर्सर दोन घरं पुढे सरकून उभा राहिला. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या स्वयंपाकघरात चपला घालून शिरले आहे. नोकरीचा तो माझा दुसरा दिवस होता. मी इंजिनिअर होते, पहिल्या वर्गात पास झालेली, आणि ज्या माणसाने मला रिकामी ओळ ओळखायला शिकवली तो दहावीनंतर थेट छापखान्यात कामाला लागलेला होता. याचा राग मला कितीतरी दिवस होता.

संगमनेरला, नाशिक-पुणे रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दूध थंड करायच्या स्टीलच्या टाक्या असतात. त्या टाक्यांवर एक नियंत्रणाची पेटी बसवतात. ती पेटी आणि तिच्यातला प्रोग्राम आम्ही बनवायचो. प्रोग्राम लिहिणारे आम्ही चौघं होतो आणि त्या प्रोग्रामची पुस्तकं लिहिणारे ते एकटे. एक पुस्तक आमच्यासाठी, कोणतं फंक्शन काय करतं ते सांगणारं. दुसरं पेटी बसवणाऱ्या तंत्रज्ञांसाठी. आणि तिसरं, मराठीतलं, केंद्रावर रोज टाकी सांभाळणाऱ्या माणसांसाठी. सगळे त्यांना सर म्हणायचे, जरी त्यांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं.

रोज सकाळी ते श्रीरामपूरहून एसटीने यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. श्रीरामपूरच्या एका छापखान्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती. आधी खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवायचे, नंतर मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे कागद, तपासायचे. लग्नपत्रिका, चर्चची गाण्यांची पुस्तकं, बाजार समितीचे अहवाल, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. त्यामुळे त्यांना उलटा मजकूर सुलट्याइतकाच सहज वाचता यायचा. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक; त्यांच्या टेबलासमोर बसून सर साहेबांच्या हातातलं पत्र साहेबांच्या आधी वाचून संपवायचे. आमच्यातल्या एकाने राजीनामा दिला तेव्हा साहेब अजून पहिल्या परिच्छेदावर होते आणि सर म्हणाले, "तारीख टाकायची राहिली आहे."

छापखाना बंद पडला आणि साहेबांनी त्यांना मराठी पुस्तकाचं शुद्धलेखन बघायला म्हणून आणलं. इथे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं की आम्ही पुस्तकं साध्या मजकुराच्या फायलींत लिहितो. शीर्षक हवं तर ओळीखाली बरोबरीच्या चिन्हांची रांग द्यायची. शब्द ठळक हवा तर दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे. यादी हवी तर ओळीच्या आधी आडवी रेघ. मग एक आज्ञा दिली की त्याच फायलीतून छापायचं पुस्तकही तयार होतं आणि वेबसाइटचं पानही. आमच्यासाठी ती एक कटकट होती, कॉलेजात शिकून विसरलेली. ते मात्र बराच वेळ त्या ताऱ्यांकडे आणि रेघांकडे बघत राहिले, आणि म्हणाले की हे तर आमचंच आहे, मुद्रितावर समासात आम्ही हेच करायचो. महिन्याभरात त्यांना त्या चिन्हांचे सगळे नियम पाठ झाले. सहा महिन्यांनी आम्ही त्यांना विचारायला जाऊ लागलो.

एकदा साहेबांनी कुठल्याशा कंपनीचं रंगीत मॅन्युअल आणलं. चौकटी, सावल्या, तीन प्रकारचे टाइप. आपणही असंच करूया म्हणाले. सरांनी ते बोटाच्या टोकाने उलटलं. मजकूर उघडा असावा, काय केलंय ते दिसावं, रंग लावला की आतली भेग दिसत नाही, असं काहीसं बोलले आणि ते मॅन्युअल त्यांनी साहेबांच्या टेबलावर पालथं ठेवलं. ठळक अक्षरांना ते ओरडणं म्हणायचे. एका पानावर एकदाच ओरडायचं, तेही कुणी मरणार असेल तर. 'कृपया' हा शब्द त्यांनी आमच्या सगळ्या पुस्तकांतून काढून टाकला होता. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला विनंती नको असते, त्याला आधी काय करायचं आणि मग काय करायचं ते हवं असतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की पुढे मी आईला औषधाची चिठ्ठी लिहिताना 'आधी' आणि 'मग' असे आकडे घालू लागले.

माणूस गोड नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण अशा माणसांबद्दल लिहिताना त्यांना गोड करून टाकायची सवय असते. माझं एक पान त्यांनी अकरा वेळा परत पाठवलं. दर वेळी एकच खूण आणि खाली एकच शब्द: 'वाचा.' काय चुकलं ते सांगायचे नाहीत. बाराव्यांदा पान परत आलं नाही, म्हणजे ते बरोबर होतं असं मी समजायचं. एका मुलीने सगळ्या फाइलभर स्पेसऐवजी टॅब वापरले म्हणून ते तिच्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. ती जिन्यात रडली. त्यांना कळलं होतं. डबा ते खिडकीकडे तोंड करून खायचे आणि कुणी शेजारी बसलं तर सरकून जागा द्यायचे, पण बोलायचे नाहीत. ऑफिस झाडणाऱ्या मावशींपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणायचे, आणि त्या 'तुम्ही'त कुणालाच आपुलकी वाटायची नाही.

एकच वेळ अशी होती जेव्हा त्यांचा आवाज मऊ व्हायचा. सकाळचं दूध घेऊन टँकर गेले की, साधारण अकरा वाजता, ते कुठल्यातरी गावच्या केंद्रावर फोन लावायचे आणि म्हणायचे, "पान सात उघडा आणि मला वाचून दाखवा." पलीकडचा माणूस पुस्तक शोधायचा, घसा खाकरायचा आणि वाचायचा. सर डोळे मिटून ऐकायचे. जिथे वाचणारा अडखळला तिथे आपल्या प्रतीवर पेन्सिलीने टिंब करायचे. त्या टिंबाची वाक्यं दुसऱ्या दिवशी बदललेली असायची. समजलं का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "समजलं का म्हटलं की माणूस हो म्हणतो. अडखळतो तेवढंच खरं असतं."

या फोनवर त्यांना सगळ्यात जास्त आवडायची ती मंगल. घोडेगावच्या पुढच्या एका गावात संकलन केंद्रावर टाकी धुवायचं आणि सांभाळायचं काम ती करायची. बारावी झालेली, लग्न होऊन त्या गावात आलेली. वाचता येतं म्हणून केंद्रावर घेतलेली. ती न अडखळता वाचायची, आणि वर सरांना दुरुस्त्या सांगायची. एकदा तिने विचारलं की इथे 'अन्यथा' कशाला लिहिलंय, आमच्याकडे असं कोण बोलतं, 'नाहीतर' लिहा की. सरांनी फोन ठेवला आणि तिन्ही पुस्तकांतले सगळे 'अन्यथा' शोधून 'नाहीतर' केले. त्यांनी कुणाची दुरुस्ती मान्य केल्याचं मी पाहिलं ते तेवढंच.

साहेबांना हे फोन म्हणजे वेळेचा अपव्यय वाटायचा. ते नेहमी म्हणायचे, सर, कोण वाचतंय तुमचं पुस्तक. पेटी बसवणारा सांगतो तसं लोक करतात आणि पुस्तकात चहाचा कप ठेवतात. सर एरवी वाद घालायचे नाहीत. यावर मात्र दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "घोडेगावच्या पुढं एक बाई वाचते."

आता ते सांगते.

टाकीत दूध ढवळत राहणारा एक पंखा असतो, स्टीलच्या जाड पात्याचा. आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये 'थांबवा' हे बटण दाबलं की पंखा थांबायचा तो पुन्हा चालू करेपर्यंत. पण काही केंद्रांवर माणसं पंखा चालू करायला विसरायची आणि दूध तळाशी गोठायचं. म्हणून नव्या प्रोग्राममध्ये आम्ही असं केलं की बटण दाबलेलं असलं, तरी दर अर्ध्या तासाने पंखा आपोआप थोडा वेळ फिरेल. तो बदल मीच लिहिला होता. त्यामुळे टाकी धुवायच्या पानावर एक नवी सूचना हवी होती. नेमके तेव्हा सर चार दिवस रजेवर होते, त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. जाताना त्यांनी मला बोलावून सांगितलं की सूचना तुम्ही लिहा, आणि पुस्तक तयार झालं की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. फाइल नाही, पुस्तक.

मी लिहिलं: 'स्क्रीनवर थांबले असे दिसत असले तरी दर अर्ध्या तासाने पंखा आपोआप फिरतो. टाकीत हात घालण्याआधी भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करा.' दोनच वाक्यं. त्यात 'कृपया' नव्हतं, 'अन्यथा' नव्हतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

अशी सूचना चौकटीत यावी म्हणून तिच्या वर एक खूण द्यावी लागते. ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं, मग एक जागा, मग 'वॉर्निंग' हा इंग्रजी शब्द, आणि त्याला चिकटून दोन कोलन, म्हणजे उभी चार टिंबं. दोन कोलन असले तर चौकट येते. एकच कोलन असला तर प्रोग्राम समजतो की हे लेखकाने स्वतःसाठी लिहिलेलं टिपण आहे, पुस्तकात घ्यायचं नाही. मग तो ती ओळ आणि तिच्याखालचा सगळा मजकूर गिळून टाकतो. चूक झाली असंही म्हणत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

मी एक कोलन दिला.

साहेब मागे उभे होते, टेम्पो खाली थांबला होता, नव्या पेट्या दुपारी निघायच्या होत्या. या सबबी मी गेली कित्येक वर्षं घासून चकचकीत केल्या आहेत. खरं एवढंच आहे की पुस्तक वाचायला पंचवीस मिनिटं लागली असती आणि मी ती वाचनाला दिली नाहीत. फाइल वाचली. फाइलमध्ये सूचना होती.

तीन आठवड्यांनी एका दुपारी फोन आला; सर त्या दिवशी बायकोला तपासणीसाठी घेऊन गेले होते. मंगलने टँकर गेल्यावर टाकी धुवायला घेतली होती. नवीन पेटी, नवीन पुस्तक, म्हणून तिने पान उघडून शेजारी ठेवलं होतं. पानावर होतं तसंच तिने केलं. 'थांबवा' दाबलं. स्क्रीनवर 'थांबले' येईपर्यंत वाट पाहिली. झाकण उघडलं. ब्रश घेऊन हात कोपरापर्यंत आत घातला. पंखा फिरला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली आणि तिसरं वाकत नाही.

मी फाइल उघडली. चूक शोधावी लागली नाही, ती माझीच वाट बघत असल्यासारखी दिसली. मी आणखी एक कोलन टाकला. एका कळीचं काम. आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते, कुणी केला, कधी केला, आणि काय केलं ते एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

साहेब आत आले. चेहरा उतरलेला होता. त्यांनी विचारलं, ती सूचना पुस्तकात आहे ना.

"फाइलमध्ये आहे, साहेब," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

त्यांनी कपाटातली छापलेली प्रत काढून पाहिली. मला वाटतं त्यांना त्या वेळी सगळं कळलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं आहे, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही असं तिथेच ठरलं. त्या संध्याकाळपर्यंत नवीन पुस्तकं छापून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस जीप घेऊन सगळ्या केंद्रांवर फिरला, जुनी पुस्तकं परत घेतली, नवीन दिली. मंगलच्या केंद्रावरही.

त्याच दिवशी सर आल्यावर साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं तेव्हा आम्ही सगळे खोलीत होतो. ही केंद्रं चालवणाऱ्या डेअरीला पाठवायचं पत्र तयार होतं. पुस्तकात स्पष्ट सूचना असूनही कामगाराने ती वाचली नाही, असं त्यात होतं. साहेबांना त्यावर पुस्तकाचा लेखक म्हणून सरांची सही हवी होती. सरांनी ते पत्र टेबलाच्या पलीकडूनच वाचलं होतं. ते म्हणाले, "ती वाचते."

साहेबांनी नवीन पुस्तक पुढे सरकवलं, पान उघडून. सरांनी चौकटीतली सूचना वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले की हे काल छापलंय. जुनं कुठे आहे. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की छापखान्यात चूक सापडली की शुद्धिपत्र काढतात. अमुक पानावर अमुक सूचना राहिली आहे, एवढं छापायचं आणि प्रत्येक प्रतीत चिकटवायचं. तसं करा, खाली सही माझी घ्या. साहेब म्हणाले, म्हणजे बाईचा हात आपण तोडला असं गावोगाव चिकटवत फिरायचं का. आणि राहिली कशी सूचना, ते तरी सांगा.

तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. एखादी ओळ वाचायला लागतो तेवढाच. माझ्यासमोर चहा होता. मी चहावरच्या सायीकडे बघत राहिले.

"पुस्तक माझं आहे," ते म्हणाले. "राहिली ती माझ्याकडून."

पत्रावर त्यांनी सही केली नाही. साहेबांनी त्यांना त्याच दिवशी घरी जायला सांगितलं. त्यांनी डबा घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते जिना उतरले. फार सावकाश उतरले. मला वाटलं गुडघे दुखत असतील.

त्यानंतर मी तिथे दोन वर्षं काढली. पुस्तकांचं काम माझ्याकडे आलं. अकरा वाजता कुणी कुणाला फोन लावत नव्हतं. मग मला पुण्यात मोठ्या कंपनीत काम मिळालं, लग्न झालं, घर झालं. आता तिथली मॅन्युअलं मशीनच लिहितं. सगळे कोलन जागेवर असतात. ती कुणी वाचत नाही, आणि मला त्याचा सूक्ष्म आनंद होतो, हेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी कंपनीने मला नव्या मुलांसमोर बोलायला सांगितलं. विषय होता, प्रोग्रामचं पुस्तक कसं लिहावं. मी सरांबद्दल बोलले. रिकाम्या ओळीतल्या दोन स्पेस, उलटं वाचणं, तीन आठवड्यांचा अबोला, डोळे मिटून ऐकलेले फोन. मी त्यांची नक्कल चांगली करते. मुलं खूप हसली. बोलणं संपल्यावर एका मुलीने विचारलं की ते आता कुठे असतात. मी म्हटलं, माहीत नाही. टाळ्या वाजल्या.

मला माहीत होतं. त्या शनिवारी मी श्रीरामपूरच्या एसटीत बसले.

चर्चच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. त्यांनीच दार उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. 'बसा' म्हणाल्या त्या त्यांच्या बायको. भिंतीवर बायकोच्या औषधांचा कागद चिकटवलेला होता, हाताने लिहिलेला. 'सकाळ' या शब्दाखाली बरोबरीच्या चिन्हांची रांग, शब्दाएवढीच लांब, आणि खाली आडव्या रेघा देऊन गोळ्यांची नावं. मी तो कागद बघत बघत सगळं सांगून टाकलं, एका दमात, त्यांच्याकडे न बघता. माझ्याकडून तेव्हा चूक झाली, असं मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून. तर म्हणाले, मीटिंगच्या आधीपासून. आल्या आल्या त्यांनी फाइलची नोंद उघडून पाहिली होती. एक कोलन, नाव माझं, आणि पुढे 'किरकोळ दुरुस्ती'. मग मी विचारलं की तुम्ही बोलला का नाहीत.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. जिना उतरेपर्यंत थांबलो."

मला रडू आलं. त्यांना ते आवडलं नाही. बायकोने पाणी आणून दिलं. ते म्हणाले की माझ्याकडे तुम्हाला देण्यासारखं काही नाही, आणि माझा हात गेलेला नाही, तुम्ही इथे कशाला आलात. त्या बाईंना सांगितलंत का. मी नाही म्हणाले. तेव्हा बायकोने सांगितलं की हे त्या गावाला दोनदा जाऊन आले. पुस्तकात सूचना नव्हती असं सांगायला. पण गावात जुनी प्रत एकही उरली नव्हती. नोकरी गेली म्हणून कंपनीवर खार खातोय, असं लोक म्हणाले. दुसऱ्या वेळी तर मंगलच्या सासऱ्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"माझं ऐकलं नाही," सर म्हणाले. "तुमचं ऐकतील. ज्याने केलंय त्याचं ऐकतात."

मी उठले. दारापाशी त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं काहीतरी बरं बोलतील.

"चूक झाली म्हणू नका. चूक केली म्हणा. आणि चुका दोन आहेत, दोन्ही वेगवेगळ्या सांगा. आधी कोलनची. तो शब्द त्यांना कळणार नाही, खूण म्हणा. मग पुस्तकं बदलल्याची. क्रमाने सांगा. मध्ये रडू नका, रडलात तर त्या तुम्हालाच समजावत बसतील."

दुसऱ्या दिवशी मी नेवाशावरून घोडेगावला उतरले. बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे पुढे जायला रिक्षा मिळेना. तीन किलोमीटर चालत गेले. चालताना तीच वाक्यं म्हणत होते.

मंगल अंगणात कांदा निवडत बसली होती, डाव्या हाताने. उजवा मांडीवर ठेवलेला होता. मी कोण ते सांगितलं. तिला माझं नाव माहीत नव्हतं, कंपनीचं होतं. बसायला पोतं टाकलं. मी क्रमाने सांगितलं. पंखा आपोआप फिरतो ही सूचना लिहिताना मी खूण चुकीची दिली. त्यामुळे ती तुमच्या पुस्तकात छापलीच गेली नाही. हे मला त्याच दिवशी कळलं आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कंपनीने तुमचं पुस्तक बदलून दुसरं ठेवलं. त्या दुसऱ्या पुस्तकात सूचना होती.

ती कांदा निवडायची थांबली.

"म्हंजी मी नीट वाचलं हुतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

मग जे सांगितलं ते कांद्यांकडे बघून सांगितलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपणच ती चौकट बघितली नाही. एवढी मोठी चौकट, ठळक अक्षरात, आणि आपल्याला दिसली कशी नाही. केंद्रावरून काढलं तेव्हा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले होते की वाचता येतंय म्हणून ठेवली आणि वाचलंच नाही. सासू अजून म्हणते. पोरीच्या शाळेतला कागद आला तर नवरा तिच्या हातात देत नाही, शेजारच्याकडून वाचून घेतो. आणि ती स्वतः औषधाच्या बाटलीवरचं नाव चार-चार वेळा वाचते, तरी खात्री वाटत नाही.

"ते सर आलते," ती म्हणाली. "मला वाटलं, मला बरं वाटावं म्हनून खोटं सांगत्यात."

बोलण्यासारखं माझ्याकडे क्रमाने काहीच उरलं नव्हतं. मी फक्त माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने डावा हात वर केला. ती उठली, रांजणातल्या पाण्याने हात धुतला, पदर खोचला.

"चला," ती म्हणाली.

आधी तिने मला मागच्या गोठ्यात नेलं. नवरा आणि सासू तिथे होते. मला सांगितलं तसं यांना सांगा, म्हणाली. मी सांगितलं. नवरा खाली बघत राहिला. सासूने विचारलं की मग आता का आलात. मग मंगल मला चेअरमनच्या ओट्यावर घेऊन गेली. तिथे चार माणसं बसली होती. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चेअरमन म्हणाले, झालं गेलं, आता कशाला उकरता. मंगल म्हणाली की अजून पुस्तक बदलल्याचं राहिलंय, ते सांगा. मग संकलन केंद्र. तिथे तिच्या जागी आलेली बाई होती. मग शेजारी, जो शाळेचे कागद वाचून द्यायचा. प्रत्येक दारात ती माझ्या बाजूला उभी राहायची, उजवा हात पदराच्या बाहेर काढून, आणि मी एखादा शब्द गाळला तर थांबवायची.

दुपार झाली होती. माझा घसा बसला होता. पायात गोळे आले होते. मी तिला म्हटलं की आता सगळ्यांना कळलंय, गाव लहान आहे, बातमी आपोआप पोचेल.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"आपोआप न्हाई," ती म्हणाली. "अजून सात घरं हायेत." आणि पुढे चालू लागली.